किलोवॉट, युनिट आणि घाटापलीकडून येणारी वीज

वीज खात्याच्या घरगुती बिलावर दोन वेगवेगळ्या मापांचे आकडे असतात. एक मंजूर भाराचा, म्हणजे किलोवॉटचा. दुसरा वापराचा, म्हणजे युनिटचा. ग्राहकाची नजर सहसा तळाच्या रकमेवर जाते आणि हे दोन आकडे एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असा समज कायम राहतो. वर्तमानपत्रांतूनही ‘राज्याला दररोज अमुक मेगावॉट वीज लागते’ अशी वाक्ये छापून येतात आणि ती कोणाला खटकत नाहीत. ‘गाडी दररोज ताशी साठ किलोमीटर अंतर कापते’ हे वाक्य मात्र लगेच खटकेल. दोन्हींतील चूक एकच आहे. छपरावर किती क्षमतेचे सौर संच बसवावेत, वातानुकूलन यंत्रासाठी भार वाढवून घ्यावा का, बिल अचानक का फुगले, हे प्रश्न घराघरांत रोज पडत असल्यामुळे हा फरक आता केवळ पाठ्यपुस्तकापुरता राहिलेला नाही.

वॉट हे शक्तीचे माप आहे. एखादे उपकरण या क्षणी किती वेगाने ऊर्जा खाते, हे ते सांगते. युनिट हे त्या वेगाने ठरावीक वेळात खाल्लेल्या एकूण ऊर्जेचे माप आहे. एक किलोवॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक किलोवॉट-तास ऊर्जा खर्च होते आणि तिलाच व्यवहारात युनिट म्हणतात. नळाची धार आणि भरलेली बादली यांत जो फरक, तोच या दोहोंत. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला तर एक युनिट पडते. ७५ वॉटचा जुना छतपंखा तेवढ्याच युनिटात तेरा तासांहून अधिक काळ फिरतो. बिलाच्या दृष्टीने दोघांत फरक नाही. घरातील तारांच्या आणि गावच्या रोहित्राच्या दृष्टीने मात्र फार मोठा आहे, कारण गिझर आपली सगळी भूक एकदम भागवून घेतो. म्हणूनच बिलात स्थिर आकार मंजूर भारावर लावला जातो आणि ऊर्जा आकार युनिटांवर. पहिला आकार ग्राहकासाठी सज्ज ठेवलेल्या यंत्रणेचा असतो, दुसरा प्रत्यक्ष मालाचा.

घोडा, माणूस आणि वॉट

वाफेच्या यंत्रात मोलाच्या सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटला आपले यंत्र किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकांना पटवून द्यावे लागे. त्यासाठी त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे घोड्याच्या कामाचे प्रमाण ठरवले. आजच्या मापात ते सुमारे ७४६ वॉट होते. पाण्याच्या पंपांवर अजूनही ‘एक एचपी’ असे लिहिलेले असते, ती त्याच घोड्याची खूण. वॉट १८१९ मध्ये निवर्तला. त्याच्या नावाचे एकक सुचवले विल्यम सीमेन्सने, १८८२ मध्ये, आणि तेही विजेच्या संदर्भात. वाफेच्या माणसाचे नाव विजेच्या मापाला मिळाले ते असे.

युनिट म्हणजे नेमकी किती ऊर्जा, याची कल्पना आकड्यांवरून सहसा येत नाही. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. साडेतीन टनांहून थोडे अधिक ओझे शंभर मीटर उंच उचलायला एवढी ऊर्जा लागते. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा गतीने अंगमेहनत करतो तेव्हा त्याच्याकडून मिळणारी उपयुक्त शक्ती ७५ वॉटच्या आसपास असते. आठ तासांच्या कष्टाअंती हिशेब जेमतेम ०.६ युनिटांचा होतो. घाम गाळून केलेल्या एका अख्ख्या दिवसाच्या मजुरीची ऊर्जा वीज खाते काही रुपयांत घरपोच देते. विजेचा दर चढा की उतरता, हा वाद घालताना हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

‘टन’ या शब्दानेही असाच घोळ घातला आहे. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र म्हणजे दीड टन वजनाचे यंत्र नव्हे, आणि तो विजेचा आकडाही नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, त्या वेगाला एक टन म्हणतात. तो सुमारे साडेतीन किलोवॉट भरतो. म्हणजे दीड टनाचे यंत्र खोलीतून सव्वापाच किलोवॉट वेगाने उष्णता बाहेर टाकते. पण त्यासाठी ते वीज घेते दीड किलोवॉटच्या आसपास. यंत्र उष्णता निर्माण करत नसून ती केवळ हलवते, म्हणून हे साधते. इन्व्हर्टर प्रकारचे यंत्र खोली थंड झाल्यावर याहूनही कमी घेते.

मीटर काय मोजतो

विजेच्या धंद्याच्या सुरुवातीला वीज विकायची कशी, हाच प्रश्न होता, कारण ती ना तोलता येत होती ना मापता. एडिसनच्या कंपनीने तोलण्याचाच मार्ग काढला. ग्राहकाच्या घरी झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवून ठेवत. प्रवाह जाईल तसे एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर चढे आणि महिनाअखेर पट्ट्या नेऊन त्यांचे वजन करत. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून त्याच पेटीत एक दिवा लावलेला असे. ग्राहकाला स्वतःचे बिल पडताळण्याचा कोणताही मार्ग या पद्धतीत नव्हता, आणि ती प्रत्यावर्ती प्रवाहाला चालणारीही नव्हती. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने १८८९ मध्ये फिरत्या चकतीचा मीटर सिद्ध केला आणि पुढची शंभर वर्षे जगभर त्याच तत्त्वाचे मीटर भिंतींवर फिरत राहिले. एका कुंडलातून घरचा प्रवाह जातो, दुसऱ्यावर दाब पडतो आणि दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात ॲल्युमिनियमची चकती फिरते. फेऱ्या मोजल्या की ऊर्जा मोजली गेली.

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फिरणारे काही नाही. तो सेकंदातून हजारो वेळा दाब आणि प्रवाह टिपतो, प्रत्येक जोडीचा गुणाकार करतो आणि बेरीज करत जातो. ठरावीक ऊर्जा भरली की त्याचा लाल दिवा एकदा लुकलुकतो. मीटरच्या पट्टीवर ‘३२०० इम्प’ असा काहीसा आकडा असतो. त्याचा अर्थ एका युनिटासाठी ३,२०० लुकलुक. म्हणजे एक लुकलुक ०.३१२५ वॉट-तासांची. (काही मीटरांवर आकडा वेगळा असतो, म्हणून पट्टी आधी वाचावी.) एवढ्या भांडवलावर कोणालाही घरातील उपकरणांची परीक्षा घेता येते. सगळे बंद करून एकच उपकरण सुरू ठेवावे आणि एका मिनिटातील लुकलुक मोजावी. मिनिटाला आठ झाली तर तासाला ४८० आणि शक्ती दीडशे वॉट. एक किलोवॉटच्या इस्त्रीला मिनिटाला त्रेपन्न पडतील. सगळे बंद असूनही दिवा दर सव्वा मिनिटाने लुकलुकत असेल, तर पंधरा वॉट कुठेतरी अखंड जात आहेत. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि प्लगमध्ये अडकवून ठेवलेले चार्जर यांचे ते देणे. महिन्याला ते पावणेअकरा युनिटांवर जाते.

जुन्या घरांत याच चाचणीतून दुसरी, अधिक गंभीर गोष्ट उघडकीस येऊ शकते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तारांचे जुने आवरण कमकुवत होते आणि प्रवाह भिंतीतून जमिनीत झिरपू लागतो. अलीकडचे बहुतेक मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह पाहतात आणि दोहोंत तफावत आढळल्यास मोठा प्रवाह हिशेबात धरतात. ही सोय मुळात चोरी पकडण्यासाठी आहे, पण गळतीचा भुर्दंडही तिच्यामुळे ग्राहकावरच पडतो. एकदशांश अँपिअरची गळती म्हणजे २३ वॉट. महिन्याला साडेसोळा युनिटे. पैशाचे दुःख त्यात दुय्यम आहे. माणसाच्या शरीरातून याच्या निम्मा प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक खटका, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, तो घरात असेल तर एवढी गळती होताच वीज बंद पडते. हा खटका ‘सारखा पडतो’ म्हणून काढून टाकणारे वायरमन आहेत आणि ते ऐकणारे घरमालकही आहेत. पडणारा खटका बिघडलेला नसतो. तो बिघाड दाखवत असतो.

मीटर वेगाने पळतो ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. घरगुती मीटरला साधारणपणे एक टक्क्याच्या आतबाहेरची चूक मान्य असते आणि शंका असल्यास शुल्क भरून तो तपासून घेण्याचा ग्राहकाला अधिकार असतो. बिल दुपटीने वाढले असेल तर कारण मीटरच्या एक-दोन टक्क्यांत सापडत नाही. मागील महिन्यांत वाचन न होता सरासरीने दिलेले बिल, टप्प्यांच्या दरात वरच्या टप्प्यात गेलेला वापर, किंवा वर सांगितलेली गळती, या तीन ठिकाणी आधी पाहावे. शिवाय मार्च ते मे या महिन्यांत वातानुकूलन यंत्र रोज आठ तास चालवल्यावर बिल कोणत्या कारणाने वाढले असा प्रश्न खरे तर उरत नाही.

दाब कमी असला की बिल कमी येते, असाही एक समज आहे. गावाच्या टोकाच्या घरात २३० ऐवजी २०० व्होल्टच मिळत असतील तर गिझरची शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटून तीनचतुर्थांशावर येते हे खरे. परंतु पाणी तापायला तेवढाच अधिक वेळ लागतो आणि युनिटे जवळपास तेवढीच पडतात. पंपाची मोटर तर कमी दाबाला अधिक प्रवाह ओढते, तापते आणि वेटोळे जळते. कमी दाब ही सवलत नव्हे.

दोरी तिरपी ओढली तर

एकदिश प्रवाहात दाब गुणिले प्रवाह एवढे केले की शक्ती मिळते. प्रत्यावर्ती प्रवाहात ते पुरत नाही. दाब आणि प्रवाह दोन्ही सेकंदाला पन्नास वेळा चढउतार करतात. मोटर, जुने चोक, वेल्डिंगची यंत्रे यांच्यात प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. काठावरून चालत दोरीने होडी ओढणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. दोरी होडीच्या दिशेत सरळ असेल तर सगळा जोर होडी पुढे नेतो. दोरी तिरपी असेल तर जोराचा काही भाग होडी काठाकडे खेचण्यातच जातो. माणूस दमतो तेवढाच, होडी मात्र कमी सरकते. लागलेला एकूण जोर आणि कामी आलेला जोर यांच्या गुणोत्तराला वीजशास्त्रात शक्तिगुणक किंवा पॉवर फॅक्टर म्हणतात. एकूण जोर व्होल्ट-अँपिअरमध्ये सांगतात, कामी आलेला वॉटमध्ये.

घरगुती मीटर केवळ कामी आलेली ऊर्जा मोजतो, म्हणून घरात शक्तिगुणकाची चिंता करण्याचे कारण नाही. ‘हे यंत्र प्लगमध्ये लावा, बिल निम्मे होईल’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बहुधा एक लहानसा कपॅसिटर असतो. तो शक्तिगुणक थोडा सुधारीलही, पण ज्याचे पैसेच आकारले जात नाहीत ते वाचवून बिलात काही फरक पडत नाही. वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील उच्चदाब ग्राहकाची गोष्ट निराळी. त्याच्याकडून मागणी आकार केव्हीएमध्ये घेतला जातो, म्हणजे दोरी तिरपी धरल्याचे पैसे त्याला मोजावे लागतात. कारखान्यांतून कपॅसिटरचे मोठे संच बसवलेले दिसतात ते यासाठी.

वीज येते कुठून

मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या एका तत्त्वावर आजचीही जवळजवळ सगळी वीज उभी आहे: तारेच्या वेटोळ्यालगत चुंबक हलला की वेटोळ्यात विद्युत दाब उत्पन्न होतो. सौर पट्ट्यांचा अपवाद वगळता कोळसा, पाणी, अणू, वायू, वारा या सर्वांचे काम एकच, ते म्हणजे चुंबक फिरवत ठेवणे. चुंबकाच्या ध्रुवांची एक जोडी असेल तर पन्नास हर्ट्झ वारंवारतेसाठी तो सेकंदाला पन्नास, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे फिरावा लागतो. भारतातील कोळशाच्या मोठ्या केंद्रांतील जनित्रे नेमकी याच वेगाने फिरतात. जलविद्युत केंद्रातील यंत्रे जड आणि मंदगती. मिनिटाला अडीचशे फेरे घेणाऱ्या जनित्रावर बारा जोड्या, म्हणजे चोवीस ध्रुव बसवले की तीच वारंवारता मिळते.

गोवा या बाबतीत जवळपास पूर्णपणे परावलंबी आहे. सांकवाळ येथील नाफ्थ्यावर चालणारे ४८ मेगावॉटचे खासगी केंद्र एकेकाळी राज्याला वीज देत असे. त्याखेरीज नाव घ्यावे असे मोठे केंद्र राज्यात उभे राहिले नाही. छत्तीसगडमधील कोरबा आणि सिपत, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम, पालघर जिल्ह्यातील तारापूर अशा केंद्रीय केंद्रांतील वाट्यावर गोव्याचे दिवे लागतात. त्यांतील बहुतेक कोळशावरची आहेत. विंध्याचलची क्षमता ४,७६० मेगावॉट आहे, कोरबाची २,६००.

कोळशाच्या केंद्रात पाण्याची उच्च दाबाची वाफ करून ती टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. पण एक युनिट मिळवण्यासाठी केंद्राला सुमारे २,४०० किलोकॅलरी जाळाव्या लागतात. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि मुख्यतः थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. ही कामचुकारांची गळती नाही. उष्णतेपासून काम काढण्याच्या निसर्गनियमानेच ती मर्यादा घातली आहे. भारतीय कोळशात राख अधिक, म्हणून युनिटामागे त्याला साधारण ०.६५ किलो लागतो. गोव्याची मागणी ६०० मेगावॉट असताना ती सगळी कोळशातून भागवायची म्हटली तर तासाला ६ लाख युनिटे, म्हणजे जवळपास ३९० टन कोळसा, मालगाडीच्या सहा-सात वाघिणी. दर तासाला. तो धूर आणि ती राख कोरबा-सिंगरौलीच्या माणसांच्या वाट्याला येते. मुरगाव बंदरातून जाणाऱ्या कोळशाशी या हिशेबाची गल्लत करू नये. तो प्रामुख्याने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी जातो आणि गोव्याच्या दिव्यांशी त्याचा संबंध नाही.

मेगावॉट आणि युनिट यांतील फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो कोयनेत. सह्याद्रीच्या पोटात खोदलेल्या या प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. ही यंत्रे वर्षभर अखंड चालली तर १,७०० कोटींहून अधिक युनिटे निघतील. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडते. यंत्रांची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर एका युनिटाला साडेआठशे लिटरांहून थोडे अधिक पाणी लागते. वरून पडलेले पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा एकदा टर्बाइनवर सोडतात. हे सगळे धरून वर्षाची बेरीज पावणेतीनशे कोटी युनिटांच्या आसपास येते, म्हणजे क्षमतेच्या सहाव्या हिश्श्याच्या घरात. मग एवढी यंत्रे बसवली कशाला? कारण कोयनेचे मोल युनिटांत नाही, ते क्षणात मिळणाऱ्या मेगावॉटांत आहे. कोळशाची भट्टी थंडावल्यावर पुन्हा पेटवून पूर्ण शक्तीवर आणायला तास न् तास लागतात. पाण्याची झडप काही मिनिटांत उघडते. संध्याकाळी सात वाजता घराघरांत दिवे लागले की कोयनेने धावून यायचे, अशी ही विभागणी आहे.

पन्नासचा काटा

वीज साठवून ठेवता येत नाही, हे वाक्य बॅटऱ्यांच्या काळातही बहुतांशी खरे आहे. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की देशभरातील सगळी जनित्रे किंचित जड होतात, मंदावतात आणि वारंवारता पन्नासच्या खाली घसरते. मागणी घटली की ती वर चढते. दक्षिण विभागाचे जाळे २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीने उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारता नांदते. पेडण्यातील पंख्याचा आणि गुवाहाटीतील पंख्याचा ठेका एकच. भारतात ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा सुरक्षित मानतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दिवशी उत्तरेकडील जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही अंधारात गेले आणि साठ कोटींच्या वर लोक त्यात सापडले. पश्चिम विभाग वेगळा पडून तरला, म्हणून गोव्यात त्याची झळ पोहोचली नाही.

उलट दिशेची कसोटी ५ एप्रिल २०२० च्या रात्री लागली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवले गेले आणि मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. टाळेबंदीमुळे कारखाने आधीच बंद होते. जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत निर्मिती खाली आणली आणि दिवे लागताच पुन्हा वर नेली. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ यांच्या दरम्यान हिंदकळून स्थिरावली.

गोव्याने किती वीज ओढली याचेही मोजमाप होते, मात्र ते घरच्यासारखे महिन्याने नव्हे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे केलेले आहेत. प्रत्येक तुकड्यात राज्य किती वीज घेणार, हे आदल्या दिवशी कळवावे लागते आणि राज्याच्या सीमेवरील जोडबिंदूंवर बसवलेले मीटर प्रत्यक्ष किती घेतली ते नोंदवतात. पश्चिम विभागाचे भार प्रेषण केंद्र मुंबईत आहे. ठरल्यापेक्षा अधिक ओढली, आणि तीही वारंवारता खाली असताना, तर दर चढा लागतो. मे महिन्यातील एखाद्या उकाड्याच्या रात्री अंदाज चुकला की त्याचा बोजा शेवटी वीजखरेदीच्या खर्चात आणि तिथून दरप्रस्तावात येतो. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग दर ठरवताना हा खर्च तपासतो.

घाटापलीकडून वीज आणायची तर दाब उंच ठेवावा लागतो. शंभर मेगावॉट ११ हजार व्होल्टवर आणायचे म्हटले तर तारांतून सव्वापाच हजार अँपिअर प्रवाह न्यावा लागेल. २ लाख २० हजार व्होल्टवर तेच काम २६२ अँपिअरमध्ये होते. तारेत जाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वीसपट कमी प्रवाह म्हणजे चारशेपट कमी तोटा. मोल्याच्या अभयारण्यातून जाणाऱ्या ४०० केव्ही वाहिनीवरून राज्यात जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हे गणित आणि जंगल यांची गाठ होती. डोंगराच्या पूर्वेला निर्मिती आणि पश्चिमेला मागणी असेल तर वाहिनीला सह्याद्री ओलांडावाच लागतो. तो कुठून आणि किती झाडांच्या बदल्यात, एवढाच प्रश्न उरतो. तो लहान प्रश्न नाही, आणि केवळ अभियंत्यांनी सोडवण्याचाही नाही.

छपरावरची वीज

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना सुरू केल्यापासून तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि गोव्यातील छपरांवरही निळ्या-काळ्या पट्ट्या वाढू लागल्या. इथे सुरुवातीचा घोळ पुन्हा भेटतो. तीन किलोवॉट ही भर दुपारच्या निरभ्र उन्हातली शक्ती आहे. सकाळ-संध्याकाळ ती उतरते, रात्री शून्य होते. वर्षाची सरासरी काढली तर एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिटांच्या आसपास मिळतात. तीन किलोवॉटचे बारा, महिन्याचे साडेतीनशेच्या घरात. जून-जुलैत ढग आठवडा आठवडा हलत नाहीत तेव्हा याहून बरेच कमी, एप्रिलमध्ये अधिक. महिन्याला दीडशे युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाने तीन किलोवॉटचा संच घ्यावा का, याचे उत्तर विक्रेत्याच्या पत्रकात शोधण्यापेक्षा मागच्या बारा बिलांत शोधलेले बरे.

नेट मीटरिंगमध्ये मीटर दोन नोंदी स्वतंत्र ठेवतो, घेतलेल्या युनिटांची आणि जाळ्यात सोडलेल्या युनिटांची. दुपारी घर रिकामे असताना छपरावरची वीज शेजारच्या गल्लीत वापरली जाते आणि रात्री कोरबाची वीज घरात येते. बिल या दोहोंच्या वजाबाकीवर निघते. जुन्या मीटरच्या सवयीने एकच आकडा पाहणाऱ्याला वाटते की संच चालतच नाही. वास्तविक छपरावर तयार होऊन घरातच वापरली गेलेली वीज या मीटरपर्यंत पोहोचतच नाही, ती संचाच्या इन्व्हर्टरवर वाचावी लागते.

वीज गेली की छपरावर ऊन असूनही घर अंधारात राहते, हा आणखी एक धक्का नव्या ग्राहकाला बसतो. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर वाहिनीवर दाब आणि पन्नास हर्ट्झचा ठेका आहे की नाही हे सतत पाहतो; तो नाहीसा होताच क्षणात स्वतःला तोडून घेतो. तसे त्याने केले नाही तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातातली, बंद समजलेली तार छपरावरच्या विजेने जिवंत होईल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी जोडलेला संकरित इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याची किंमत वेगळी, आणि बॅटरीची क्षमता पुन्हा दोन आकड्यांत सांगितलेली असते: किती किलोवॉट एकदम देऊ शकते, आणि किती किलोवॉट-तास साठवते. पाच किलोवॉट-तासांची बॅटरी चार पंखे, काही दिवे आणि फ्रिज रात्रभर ओढून नेईल. तिच्यावर गिझर लावला तर अडीच तासांत ती रिकामी होईल. आणि ती एकदम दीडच किलोवॉट देऊ शकणारी असेल, तर दोन किलोवॉटचा गिझर तिच्यावर सुरूच होणार नाही.